बाराखडी तोंडपाठ आहे, पण वाचता येत नाही

जुळे_सोलापूर

नमस्कार. माझी मुलगी साडेसहा वर्षांची असून मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत शिकते. तिला क पासून ज्ञ पर्यंत प्रत्येक अक्षराची बाराखडी तोंडपाठ आहे. घरी पाहुणे आले की तिला ती म्हणायला सांगितले जाते, सगळे कौतुक करतात आणि आतापर्यंत मीही करत होते. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातील एका बरणीवर ‘मीठ’ असे लिहून कागद चिकटवला आणि तिला वाचायला सांगितले. ‘म ला दुसरी वेलांटी मी, ठ’ एवढे म्हणून ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तो शब्द मीठ आहे, हे तिला उमगले नाही. मग मी कागदावर नुसते ‘की’ लिहून दाखवले, तर ती बोटांवर क, का, कि, की असे मोजत चौथ्या बोटापर्यंत गेली आणि तेव्हा कुठे उत्तर आले. ‘कू’साठी तिला सहा बोटे मोजावी लागली.

पाठ्यपुस्तकाचीही हीच गत आहे. ती धडा घडाघडा वाचते, असे मला वाटत होते. एके दिवशी पुस्तकाची दोन पाने एकमेकांना चिकटली होती आणि ती समोर नसलेले पान तितक्याच सफाईने म्हणत होती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

शाळेला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण एका वर्गात चाळीसच्या वर मुले असतील तर बाईंनी प्रत्येकीजवळ किती वेळ बसावे? मी कामावरून साडेसहाला घरी येते. संध्याकाळचा अर्धा तास मी नक्की देऊ शकते, आणि माझ्या सासूबाई दिवसभर तिच्याजवळ असतात. या वेळात नेमके काय करावे आणि काय करू नये, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

खडूफळा

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे शिकवले. त्यांपैकी बहुतेक वर्षे मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत, पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. आपण लिहिलेले बोटांवरचे मोजणे मी शेकडो मुलांमध्ये पाहिले आहे. सुरुवातीच्या काही वर्षांत मीच ते मुलांना शिकवत होतो, म्हणून त्याबद्दल मनापासून लिहितो.

बाराखडी तालावर म्हणताना मूल आवाजांची एक माळ पाठ करते. माळेतला चौथा मणी कोणता, हे सांगण्यासाठी त्याला पहिल्या मण्यापासून सुरुवात करावी लागते. डोळ्यांना दिसणारी खूण आणि कानांना ऐकू येणारा आवाज यांची थेट गाठ त्यात पडलेली नसते. वाचनाला तर हीच गाठ लागते. त्यात आपल्या लिपीची रचना लहान मुलाच्या डोळ्यांना बरेच फिरवणारी आहे. काना अक्षराच्या उजवीकडे येतो, मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी लागतो आणि ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहून नंतर उच्चारावी लागते. ‘दिवा’ हा शब्द डावीकडून वाचू लागलेल्या मुलाला आधी वेलांटी भेटते आणि द नंतर. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण मूल तिथे खरोखर अडखळते.

दुसरी अडचण आपण स्वतःच नोंदवली आहे. ‘म ला दुसरी वेलांटी मी’ यातील ‘दुसरी वेलांटी’ हे खुणेचे नाव आहे, तो तिचा आवाज नव्हे. मूल शब्द जुळवू लागते तेव्हा ही नावे मध्ये येऊन पडतात आणि सुरुवातीचा आवाज तोवर विरून जातो. म्हणून वाचताना थेट ‘मी’ म्हणावे. खुणांची नावे शुद्धलेखनाच्या वेळी कामास येतील.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. ‘कमळ’ हा शब्द सुटा वाचताना मूल क, म, ळ ही तिन्ही अक्षरे पूर्ण अकारासह म्हणते, पण आपण बोलताना शेवटचा ळ जवळजवळ पाय मोडल्यासारखा उच्चारतो. त्यामुळे सुटी अक्षरे अचूक म्हणूनही त्यांतून ओळखीचा शब्द ऐकू येत नाही. ‘मीठ’ला तेच झाले. अशा वेळी ‘आता भरभर म्हण आणि सांग, आपल्याला ठाऊक असलेला कोणता शब्द वाटतो?’ असे विचारावे. यासाठी तो शब्द मुलाच्या कानांवरून आधी गेलेला असला पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत तरी पुस्तकातला अनोळखी शब्द वाचायला देऊ नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. सगळी वर्णमाला एकदम न घेता पाच अक्षरे घ्या, समजा क, न, म, ल आणि र. त्यांच्या जोडीला फक्त काना द्या. एवढ्या सामग्रीतून काम, कान, नाक, लाल, मका, कमान, काका, मामा, नाना असे शब्द आणि ‘नाना, काम करा’ असे पूर्ण वाक्यही तयार होते. आपण खरोखर काहीतरी वाचले, हा आनंद मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. तो मिळाला की पुढचे कष्ट त्याला जड जात नाहीत. काना पक्का झाल्यावर त्याच अक्षरांना दुसरी वेलांटी द्या आणि काका-काकी, मामा-मामी, नाना-नानी अशा जोड्या शेजारी शेजारी लिहा. एक खूण बदलली की माणूसच बदलतो, हे पाहून मुले खुदकन हसतात. त्यानंतर पाच नवी अक्षरे आणि एक नवी खूण. ही पद्धत माझी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरगटांवर आधारलेले वाचन अनेक वर्षे रुजवले. त्या मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक होत्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या, आणि आपली लिपी मुलांना कुठे अडवते हे त्यांनी फार बारकाईने पाहिले होते.

आपल्या मुलीला उशीर झालेला नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही समजपूर्वक वाचनाचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीपर्यंतचे आहे. झोप उडवून घेऊ नका.

बाळीवेस

खडूफळा सरांबद्दल पूर्ण आदर राखून एक वेगळे मत मांडतो. माझ्या आईने मला पाटीवर बाराखडी गिरवून घेऊनच वाचायला शिकवले आणि आमच्या वाड्यातील झाडून सगळी मुले त्याच वाटेने शिकली. पाठांतराला आजकाल नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे. ज्या क्रमात बाराखडी आहे त्या क्रमाला अर्थ आहे, शब्दकोशही त्याच क्रमाने चालतो आणि रोज एकच गोष्ट त्याच तालात म्हणण्याने लहान मुलाच्या मनाला एक स्थैर्य लाभते. पाच-पाच अक्षरांचे तुकडे केले तर मुलाला संपूर्ण वर्णमाला कधी येणार?

खडूफळा

बाळीवेस, आपला मुद्दा रास्त आहे आणि मी बाराखडी टाकून द्यायला सांगत नाही. मुलीला ती येतेच आहे, ते तिचे धन आहे. फक्त तिला आता उलटसुलट विचारावी लागेल. फळ्यावर ‘का, मी, लू, रे, नो’ असे वेगवेगळ्या ओळींतून उचललेले आवाज लिहावेत आणि न मोजता ओळखता येतात का ते पाहावे.

आपल्या वाड्यातील मुलांबद्दल एक विचारतो. त्या मुलांच्या घरी बाराखडीखेरीज आणखी काय होते? वर्तमानपत्र, पोथी, आजीच्या गोष्टी, दिवेलागणीला म्हटलेली शुभंकरोती आणि परवचा हे सगळे मिळून ती मुले शिकली असावीत, असे मला वाटते. माझ्या वर्गात अशी मुलेही बाराखडीने शिकत, पण ज्या घरात यांपैकी काहीच नव्हते, त्या घरची मुले बाराखडी म्हणत म्हणत चौथीपर्यंत जात आणि वाचता न येताच शाळा सोडत. ती मुले मला अजून आठवतात.

संपूर्ण वर्णमाला कधी येणार, याचे उत्तर असे की दर दहा-बारा दिवसांना एक गट धरला तर शालेय वर्ष संपण्याच्या आत सारी अक्षरे आणि खुणा होतात. शिवाय २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत आले असल्याने आता शाळांतून चौदाखडी शिकवली जाते. बॅट आणि बॉल हे शब्द मुलांच्या तोंडी असतातच, त्यामुळे त्या दोन खुणा मुले लवकर पकडतात.

हातमाग

मी पूर्व भागात राहतो. आमच्या घरची भाषा तेलुगू आहे. आजोबा मागावर होते, वडील यंत्रमागावर आणि मी स्वतः टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. मुलगा मराठी माध्यमात दुसरीत आहे. माझा अनुभव येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सोलापुरात आमच्यासारखी घरे हजारांनी आहेत. कोणाकडे तेलुगू, कोणाकडे कन्नड, कोणाकडे उर्दू बोलली जाते आणि शाळा मात्र मराठी असते.

मुलगा पहिलीत वाचनात मागे पडला, तेव्हा एका हितचिंतकाने सांगितले की घरात तेलुगू बोलणे बंद करा, म्हणजे मराठी सुधारेल. आम्ही ते प्रामाणिकपणे पाळले. चार महिने मी आणि पत्नी त्याच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोललो. माझ्या आईला मराठी जुजबीच येते, त्यामुळे ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. रात्री ती त्याला गोष्ट सांगत असे, तीही थांबली. मुलाचे मराठी सुधारले नाहीच, उलट तो घरात गप्प राहू लागला. शाळेत काय झाले, हे सांगायला त्याच्याजवळ पुरेसे शब्दच नव्हते. एका रात्री तो आजीच्या कुशीत जाऊन हळूच तेलुगूत काहीतरी कुजबुजला आणि आपण चोरून बोललो या भीतीने माझ्याकडे पाहू लागला. त्या क्षणी मी तो नियम मोडून टाकला.

आता आमच्याकडे आई गोष्ट तेलुगूत सांगते. मग तीच गोष्ट मी सोप्या मराठीत तीन-चार ओळींत वहीत लिहितो आणि मुलगा ती वाचतो. गोष्ट त्याला आधीच समजलेली असल्यामुळे त्याला फक्त अक्षरांशी झगडावे लागते, अर्थाशी नाही. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडची पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक भावली. त्यांच्या विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी ती शिकून घेतली आणि धडे मुलांच्या भाषेत नेले.

एक अडचण अजून शिल्लक आहे. माझा मुलगा ‘खांदा’ शब्द ऐकून ‘कांदा’ लिहितो. यासाठी काय करावे?

खडूफळा

हातमाग, तुम्ही तो नियम मोडलात हे फार योग्य केले. मुलाजवळ ज्या भाषेत शब्दांचा साठा आहे, ती भाषा बंद केली तर वाचायला शिकण्यासाठी हाताशी काय उरणार? शिवाय तेलुगू आणि कन्नड लिप्यांची बांधणीही आपल्यासारखीच आहे, म्हणजे मूळ अक्षराला स्वराची खूण जोडायची. घरात कोणाला तेलुगू वाचता येत असेल तर मुलाला ती गंमत जरूर दाखवा.

खांदा आणि कांदा यांचा प्रश्न लेखनाचा नसून कानाचा आहे. रोजच्या बोलण्यातल्या तेलुगूत ख, घ, थ, ध, फ, भ हे आवाज ठळकपणे येत नाहीत, त्यामुळे मुलाच्या कानाला ते वेगळे पडत नाहीत. पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा आणि नुसता ऐकण्याचा खेळ खेळा. कांदा-खांदा, पळ-फळ, गोडा-घोडा, दूर-धूर अशा जोड्यांपैकी एक शब्द तुम्ही म्हणायचा आणि ख, फ, घ किंवा ध ऐकू आला तर मुलाने हात वर करायचा. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘फळ’ म्हटले तर पट्टी हलते आणि ‘पळ’ म्हटले तर जवळजवळ स्थिर राहते, हे मुलांना फार आवडते. उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुलांना ण आणि ळ यांचा असा सराव द्यावा लागतो, मन-मण, बाल-बाळ वगैरे.

मराठी घरांतल्या मुलांचीही सुटका नाही, हे जाता जाता सांगतो. चार आणि चाक यांतला च आपण निरनिराळा उच्चारतो, पण लिहितो एकसारखाच. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थाने एका प्रकारे आणि ‘तू जग’ असे म्हणताना दुसऱ्या प्रकारे वाचावा लागतो. मूल इथे चुकले तर रागावू नये. दोन्ही उच्चार करून दाखवावेत आणि वाक्यात कोणता बसतो, ते त्यालाच ठरवू द्यावे.

ज्वारी

ताई, मी दोन मुलांची आई आहे. मोठा आता पाचवीत वाचनात रमलेला आहे आणि धाकटी पहिलीत आहे. तुमच्याप्रमाणे मीही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यातून मिळालेला एक धडा सांगते. पंधरा दिवसांत मुलगा सगळ्या चिठ्ठ्या वाचू लागला म्हणून मी खूश झाले, पण तो डब्याचा आकार आणि फळीवरची जागा पाहून सांगत होता. मग मी रात्री चिठ्ठ्यांची अदलाबदल करून ठेवू लागले आणि ‘आज काय काय चुकीच्या जागी गेले आहे, ते शोध’ असा खेळ सुरू केला. तेव्हा कुठे त्याचे डोळे अक्षरांवर गेले. याच खेळात आणखी एक गोष्ट कळली. माझ्या हस्ताक्षरातील ‘रवा’ त्याने ‘खा’ असा वाचला. र आणि व जवळ आले की ख दिसतो, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. घ-ध, भ-म आणि थ-य या जोड्यांतही मुले फसतात. त्यामुळे अशी दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. आधी एक पक्के होऊ द्यावे. मोबाईलवरच्या काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, तेव्हाही मुले गोंधळतात. दोन्ही रूपे शेजारी ठेवून एकदा समजावले की भागते.

वाण्याची यादी मी आता धाकटीकडून लिहून घेते. तिने ‘शेगा’ लिहिले तरी मी खोडत नाही, दुकानात तिलाच वाचायला लावते. दुकानदार ‘शेगा म्हणजे काय?’ असे विचारतात आणि अनुस्वार तिच्या पक्का लक्षात राहतो. अर्थात आमचे दुकानदार काका प्रेमळ आहेत, म्हणून हे जमते. सात रस्त्याहून घरी येताना दुकानांच्या पाट्या आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतले खेळण्यांचे व खाऊचे फलक, हेही आमचे वाचनपाठच असतात. तिथे तिला घाई करायची नाही, एवढेच पथ्य मी पाळते. ती एका पाटीपाशी थांबली की मीही थांबते.

मात्र मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते झोपण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवणे. त्या वेळी मुलीला वाचायला लावायचे नाही. मी वाचते, ओळीखालून बोट फिरवते, ती ऐकते. मध्ये एखाद्या ठिकाणी थांबून ‘आता हा काय करेल?’ असे विचारते. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी वाचते. ज्या मुलाला गोष्टीची गोडी लागली आहे, ते अक्षरांचे कष्ट उपसायला तयार होते, हे मी दोन्ही मुलांत पाहिले. पुस्तकांवर फार खर्च करण्याची गरज नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या असतात. पहिल्या पातळीत एका पानावर जेमतेम एखादे वाक्य असते. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही महाजालावर मोफत उपलब्ध आहेत. आपल्या गावात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालय आहे. आपण स्वतः पुस्तक आणायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या. आई पुस्तकासाठी वाट वाकडी करते, हे तिने पाहणेही मोलाचे आहे.

बाळीवेस

चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीची कल्पना उत्तम आहे. नातवासाठी आजच करून पाहतो. खडूफळा सर, ‘का, मी, लू, रे, नो’ असे उलटसुलट विचारून पाहिले. नातू तिसऱ्यालाच अडकला. आपले म्हणणे मला पटले आहे.

कंबर_तलाव

या चर्चेत एक गंभीर गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. माझा थोरला मुलगा तिसरीपर्यंत वाचू शकत नव्हता. तोंडी विचारले तर सगळे सांगायचा, हिशेब तोंडी करायचा, गोष्ट एकदा ऐकली की पात्रांसह लक्षात ठेवायचा, पण चार ओळी वाचायला अर्धा तास लागायचा. कालच वाचलेला शब्द आज त्याला नवा असायचा. आम्ही त्याला आळशी म्हटले. मी त्याच्यावर हात उगारला आहे, आणि ती आठवण मला आजही टोचते. तो नऊ वर्षांचा असताना एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून तपासणी झाली आणि त्याला वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमता असल्याचे कळले. त्याच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अडचणीला मान्यता आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळू शकतात. हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

जुळे_सोलापूर ताई, तुमच्या मुलीबाबत मला तशी शंका येत नाही. साडेसहाव्या वर्षी अक्षरे उलटी काढणे किंवा अडखळणे पुष्कळ मुलांत दिसते, आणि असे निदान साधारणतः आठव्या वर्षानंतरच पक्के केले जाते. मात्र कोणाचेही मूल असो, आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. घरी नियमित आणि प्रेमाने सराव होऊनही दुसरी संपत आली तरी अक्षरे टिकत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत मुलाला आळशी हा शब्द ऐकवू नये.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून काय घडले ते कळवते. कंबर_तलाव दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्याच आठवड्यात मुलीचे डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम आहेत. तुम्ही हे लिहिलेत, त्याला धैर्य लागले असेल.

आम्ही पाच अक्षरे आणि काना यांपासून सुरुवात केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर शब्द लिहून पत्ते केले. अर्धा तास मुलीला झेपत नाही, असे पहिल्याच दिवशी लक्षात आले. दहा-बारा मिनिटांनंतर ती पत्त्यांची घरे बांधू लागते. म्हणून आता दहा मिनिटे वाचन आणि मग घरे, असे ठरले आहे. काका-काकीच्या जोड्या तिला इतक्या आवडल्या की तिने स्वतःहून ‘नाना’च्या पुढे ‘नानी’ लिहिले. बोटे मोजणे काना आणि दुसऱ्या वेलांटीपुरते थांबले आहे, पण उकारांना अजून बोटे लागतात. ऱ्हस्व वेलांटीपाशी ती खरोखरच अडते. ‘दिवा’ पाहून ती काही क्षण गप्प राहिली आणि ‘ही आधी का उभी आहे?’ असे तिने विचारले. ‘ती आधी येऊन उभी राहते, पण बोलते नंतर’ असे सासूबाईंनी सांगितले. हे उत्तर तिला पटलेले दिसते, कारण आता ती वेलांटी आणि अक्षर या दोन्हींवर मिळून एकच बोट ठेवते.

सासूबाईंबद्दल आणखी एक लिहायचे आहे. त्या तिसरीपर्यंतच शिकल्या आहेत आणि ‘मी काय शिकवणार’ म्हणून त्या दूर राहत. ज्वारी ताईंचे वाचून मी त्यांना रोज दुपारी एक गोष्ट सांगायची विनंती केली. रात्री मी त्यातली दोन-तीन वाक्ये हातमाग दादांप्रमाणे वहीत उतरवते. परवा कडक भाकरी आणि शेंगा चटणी चोरणाऱ्या उंदराची गोष्ट होती. नात आजीला ती वाचून दाखवत होती आणि आजी चष्मा लावून शेजारून अक्षरे पाहत होत्या. त्याही मनातल्या मनात वाचत होत्या, असे मला वाटते.

आता पुढचा प्रश्न. स्टेशनवरची ‘सोलापूर’ ही पाटी तिने पूर्ण वाचली, पू पाशी थोडे मोजून. सिद्धेश्वर मंदिराकडे गेलो तेव्हा मात्र ‘सि’ नीट म्हणून ती थांबली आणि ‘हे काय गुंतलेले आहे?’ म्हणाली. जोडाक्षरे कधी आणि कशी सुरू करावीत?

खडूफळा

ताई, तीन आठवड्यांत तिने ‘सि’ न अडखळता म्हटला, याचा मला फार आनंद झाला. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द सध्या तिला चित्रासारखा ओळखू द्या, सोलापूरच्या मुलाला तो तसाही ओळखीचा असतो. त्यातील द्ध आणि श्व हे दोन्ही कठीण आहेत. सगळ्या स्वरखुणा बोटे न मोजता येऊ लागल्या की मगच जोडाक्षरे घ्यावीत, तोवर तीन-चार महिने जातील आणि ते जाऊ द्यावेत.

सुरुवात एकाच व्यंजनाच्या जोडीने करा, कारण तिथे कानाला फक्त ठसका ऐकू येतो. पत्ता, गल्ली, चक्का, कच्चा, अम्मा असे शब्द घ्या. ‘पता’ आणि ‘पत्ता’ दोन्ही म्हणून दाखवा आणि टाळी कुठे जोरात पडते ते तिला ओळखू द्या. त्यानंतर पुस्तक, रस्ता, बस्ता यांसारखे शब्द घ्या, ज्यांत पहिले अक्षर अर्धे आणि दुसरे पूर्ण स्पष्ट दिसते. र ची जोडाक्षरे अगदी शेवटी ठेवा. सूर्य, प्रकाश, राष्ट्र आणि सुऱ्या या चार शब्दांत एकच र चार वेषांत येतो, आणि ‘सूर्य’मध्ये तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो पण उच्चार त्याच्या आधी होतो. ऱ्हस्व वेलांटीचे कोडे तिने ज्या रीतीने सोडवले, त्याच रीतीने तिला हेही सोडवू द्या. सासूबाई जवळ असू द्याव्यात, त्यांची उत्तरे माझ्यापेक्षा बरी आहेत.

हातमाग

कागदाच्या पट्टीचा खेळ आमच्या घरी रोज चालतो. मुलगा आता दहापैकी सात-आठ वेळा बरोबर हात वर करतो. ‘घोडा’ अजून ‘गोडा’ होतो. ‘अम्मा’ हा शब्द जोडाक्षरांच्या यादीत पाहून त्याला फार अभिमान वाटला. तो आपल्या घरचा शब्द आहे, असे त्याने आजीला लगेच जाऊन सांगितले.

जुळे_सोलापूर

दादा, तुमच्या मुलाला सांगा की चार महिन्यांनी आमच्याकडे जोडाक्षरांचे पत्ते होतील, तेव्हा पहिला पत्ता ‘अम्मा’चाच असेल. सध्या आम्ही उकारांवर आहोत. आज रात्री ‘फूल’, ‘दूध’ आणि ‘गूळ’ या तीन चिठ्ठ्या डब्यांवर चुकीच्या जागी लावून ठेवते.